तीन मृग झाले, तरी धाप?

येळवशीच्या दिवशी आम्ही शेतातून उशिरा परतलो. बीदर-कलबुर्गीच्या पट्ट्यात मार्गशीर्षातली ही अमावास्या घरात बसून होत नाही. कडब्याच्या कोपीत पूजा मांडायची, भज्जी, आंबील, उंडे पोटभर खायचे आणि अंधार पडला की पोरांनी कडब्याच्या पेंढ्या पेटवून शेतातून पळायचं. माझी पंधरा वर्षांची भाची सगळ्यांच्या पुढं होती. त्या रात्री दोनच्या सुमाराला ती खोकायला लागली. वहिनीनं झोपेतच निदान केलं, ‘आंबील बाधली.’ दुसऱ्या रात्री पुन्हा दोनलाच खोकला. तिसऱ्या रात्री मी पाणी प्यायला उठले, तर पोरगी अंथरुणात बसलेली. दोन्ही कोपरं गुडघ्यांवर रोवलेली, खांदे कानाकडं ओढलेले आणि आवाज बाहेर जाऊ नये म्हणून ओढणीचा बोळा तोंडावर दाबलेला.

सकाळी मी दम्याचं नाव काढलं, तशी आई माझ्यावरच उखडली. ‘तिचा दमा कवाच गेलाय की! तीन मृग केलेत आपण.’

भालकी, औराद, बसवकल्याण, हुमनाबाद, आळंद या भागात हे वाक्य पुष्कळ घरांत निघतं. पोराला लहानपणी दमा होता, आठव्या-दहाव्या वर्षी तो थांबला, घरातले विसरले. आता पोर नववी-दहावीत किंवा पीयूसीला गेलंय आणि पुन्हा जिना चढताना थांबायला लागलंय. हा लेख त्या घरांसाठी आहे.

मृगाचा मासा

ज्यांना हे ठाऊक नाही त्यांच्यासाठी थोडं सांगते. मृग लागतो त्या सुमाराला, म्हणजे ७-८ जूनच्या आसपास, हैदराबादला बत्तिनी गौड कुटुंब दमेकऱ्यांना बोटाएवढा जिवंत मरळ मासा गिळायला देतं. माशाच्या तोंडात पिवळं औषध भरलेलं असतं. कृती गुपित, देणं फुकट आणि प्रथा १८४५ पासूनची, असं ते कुटुंब सांगतं. ओळीनं तीन वर्षं घ्यायचं, दर वेळी पंचेचाळीस दिवसांचं पथ्य पाळायचं. मासा न खाणाऱ्याला तेच औषध गुळातून मिळतं. १९५६ पर्यंत आमचे हे जिल्हे हैदराबाद राज्यातच होते. दुखणं हट्टाला पेटलं की हैदराबाद गाठायचं, ही सवय राज्य बदललं तरी सुटली नाही. कोरोनाच्या आधी एका वर्षी नामपल्लीच्या एक्झिबिशन मैदानावर मीही भावासोबत रांगेत उभी होते. पाण्याच्या पिशवीत वळवळणारा मासा, सहा वर्षांची रडून दमलेली पोर आणि तिचं नाक चिमटीत धरलेला तिचा बाप, हे चित्र अजून डोळ्यांपुढं आहे.

पुढं तिसऱ्या मृगानंतर दमा खरंच दिसेनासा झाला. श्रेय माशाला मिळालं. आमच्याच गल्लीत एकाचा दमा शेळीच्या दुधानं ‘गेला’, दुसऱ्याचा नवसानं. या माशावर विज्ञानवादी संघटनांनी हरकती घेतल्या, कोर्टकचेऱ्या झाल्या, आणि आता त्याला औषध न म्हणता प्रसाद म्हणतात. कुणाच्या श्रद्धेशी मला भांडायचं नाही. माझं भांडण ‘गेला’ या एका क्रियापदाशी आहे.

लहानपणीचा दमा वयात येता येता शांत होणं हे कितीतरी मुलांत आपोआप घडतं. दम्यात श्वासनळ्यांना आतून सूज असते. धूळ, धूर, थंडी, सर्दी असं काही लागलं की त्या आवळतात, आत कफ धरतो आणि घेतलेला श्वास बाहेर सोडणं जड जातं. मूल वाढतं तशा नळ्या रुंदावतात. चिमुकल्या नळीत जेवढ्या सुजेनं रात्र काढणं कठीण व्हायचं, तेवढी सूज मोठ्या नळीत कळतही नाही. पण ती पुरती ओसरलेली असेलच असं नाही, आणि नळ्यांचा चिडका स्वभाव तर बहुधा तसाच राहतो. न्यूझीलंडमधल्या ड्युनेडिन गावात १९७२-७३ साली जन्मलेल्या हजारावर मुलांवर डॉक्टरांनी वर्षानुवर्षं नजर ठेवली. २००३ साली त्यांनी मांडलेला हिशेब असा: प्रत्येक तपासणीला आलेल्या ६१३ जणांपैकी ७६ जणांची घरघर मधे थांबून सव्विसाव्या वर्षापर्यंत परत आली होती. शंभरात साधारण बारा. तिकडं कुणी मरळ वाटत नाही. थांबणं आणि परतणं हा या दुखण्याचाच स्वभाव आहे.

त्याच पाहणीत दिसलं, की दमा फार लहान वयात सुरू झाला असेल, गादी-पांघरुणात राहणाऱ्या बारीक किड्यांची ॲलर्जी असेल, मूल मुलगी असेल किंवा तरुणपणी धूम्रपान सुरू झालं असेल, तर दमा टिकण्याची किंवा परतण्याची शक्यता वाढते. मुलींचं वाचून बऱ्याच जणांना नवल वाटतं. लहानपणी दमा मुलग्यांत जास्त असतो. वयात आल्यावर पारडं फिरतं आणि मुलींत जास्त दिसतो. काहींना पाळीच्या आधीच्या चार-पाच दिवसांत छाती जड होते. आईनं तारखा एकदा कॅलेंडरवर खोकल्याच्या रात्रींशेजारी लिहून पाहाव्यात. दोन-तीन महिन्यांत मेळ दिसला तर डॉक्टरांना सांगावा, औषध त्याप्रमाणं बेतता येतं.

परतताना तो वेश बदलून येतो

तीन वर्षांच्या पोराचा दमा सगळ्या वाड्याला ऐकू यायचा. पंधरा वर्षांच्या पोराचा तसा ऐकू येत नाही, कारण एकतर तो सौम्य सुरू होतो, आणि दुसरं म्हणजे पोर तो लपवतं. कबड्डीच्या संघातून नाव कटेल, मित्र ‘दमेकरी’ म्हणतील, लातूरला शिकायला पाठवणार नाहीत, ही त्यांची भीती. आणि मुलीच्या घरात न बोललेली आणखी एक: पुढं स्थळं येताना हे निघालं तर?

म्हणून ‘तुला दम लागतो का?’ असं विचारू नका. उत्तर ‘नाही’च येणार. रात्री कितीदा जाग येते, हसताना खोकला येतो का, पीटीच्या तासाला अलीकडं कोपऱ्यात का बसतोस, पळून झाल्यावर पाच-दहा मिनिटांनी छाती आवळते का, प्रत्येक सर्दी छातीत उतरून पंधरा दिवस का रेंगाळते, असं एकेक विचारा. भाचीला मी हे प्रश्न भाकरी थापता थापता विचारले. डोळ्याला डोळा द्यावा लागला नाही, म्हणून ती बोलली. शाळेचा जिना ती तीन महिने दोन टप्प्यांत चढत होती. मधल्या टप्प्यावर थांबून चप्पल नीट करायचं नाटक करायची.

प्रत्येक धाप दमा नसते, हेही लक्षात असू द्या. या वयाच्या मुलींत रक्त कमी असल्यानंही दम लागतो. हिमोग्लोबिन तपासायला एक बोट पुरतं. दोन आठवड्यांहून जास्त खोकला असेल तर बेडक्याची टीबीसाठी तपासणी करून घ्यावी. सरकारी दवाखान्यात ती मोफत होते, आणि तिची लाज वाटण्याचं कारण नाही. परीक्षेच्या काळात घाबरून श्वास भरभर चालतो, हातपाय मुंग्यावतात, तेही वेगळं. दम्याची ओळख चढउतारात आहे. आज बरा, उद्या वाईट. दिवसा ठीक, पहाटे जड. पंप घेतला की सुटका.

पक्कं निदान फुंकरीनं होतं. स्पायरोमेट्रीच्या यंत्रात जोरानं फुंकायचं, मग पंप देऊन पुन्हा फुंकायचं आणि फरक मोजायचा. बीदरच्या ब्रिम्समध्ये किंवा कलबुर्गीच्या जिम्समध्ये श्वसनरोग विभागात चौकशी करा. इकडून उदगीर, लातूर, सोलापूर जवळ पडत असेल तर तिकडं. चांगल्या दिवशी ही तपासणी अगदी नॉर्मल येऊ शकते, तेवढ्यावरून ‘काही नाही’ म्हणून घरी येऊ नका. जाताना रात्रींचा हिशेब लिहून न्या आणि लहानपणीची फाइल न्या. फाइल सापडत नसेल तर निदान एवढं पाठ असू द्या: कोणत्या वयात सुरू झाला, कधी दवाखान्यात ठेवावं लागलं का, ऑक्सिजन लावला होता का, कोणत्या औषधानं उतरला.

सीमेवरच्या घरांना आणखी एक अडचण असते. डॉक्टर कानडी बोलतात, आई मराठी किंवा दखनी, आणि मधे दुभाषी म्हणून खुद्द पेशंट. ते पोर नको ते गाळूनच भाषांतर करतं! दम्याला कानडीत उब्बस म्हणतात, बोलीत दम्मुही म्हणतात, खोकल्याला केम्मु. एवढे तीन शब्द आईला येत असले की ‘बरंय डॉक्टर’ एवढ्यावर गाडी थांबत नाही.

आपल्याकडची धूळ

दम्यावरच्या पुस्तकांत मांजर, गालिचा, फुलांचे ताटवे असलं काहीबाही लिहिलेलं असतं. आमच्याकडं दमा कशानं भडकतो ते आमच्याच कॅलेंडरात पाहावं लागतं.

पावसाळा सरता सरता गाजरगवत फुलतं. हे गवत १९५५ च्या सुमाराला पुण्यात पहिल्यांदा नजरेत आलं आणि तिथून देशभर पसरलं. अमेरिकेतून आलेल्या गव्हाबरोबर ते आलं असं मानतात. शाळेच्या कुंपणाला, बसस्टँडमागं, पडीक रानात सगळीकडं त्याची पांढरी फुलं. ते उपटायचं तर फुलायच्या आधी, आणि दमेकरी पोराला त्या श्रमदानाला लावू नये. एनएसएसच्या शिबिरात नेमकं तेच काम असतं.

मग सोयाबीनची रास. त्यानंतर दिवाळीचे फटाके, आणि त्याआधी घर झाडून चुना मारणं. दमेकरी पोरानं जळमटं काढायची नाहीत, हा नियम घरात कायमचा करून टाका. डिसेंबर-जानेवारीत तूर.

तुरीवर जरा थांबते, कारण हा भागच तुरीचा. कलबुर्गीच्या तुरीला २०१९ साली भौगोलिक मानांकन मिळालं, डाळमिली आहेत, सगळा व्यवहार या एका दाण्याभोवती फिरतो. कापलेली तूर वाळते, मग मळणी यंत्र येतं. त्या यंत्राच्या तोंडातून जो भुसकटाचा लोट निघतो, त्यात पान, शेंगेची साल, बुरशी, माती सगळं दळलेलं असतं. धडधाकट माणसाचं अंग खाजतं, नाक वाहतं. ज्याच्या नळ्या चिडक्या आहेत त्याची त्या दिवशी नाही तर दुसऱ्या रात्री धाप ठरलेली. आणि या कामाला हमखास कोण असतं? सुट्टीला घरी आलेला पंधरा-सोळा वर्षांचा मुलगा. ‘एवढा घोडा झालाय, पोती धर.’ त्याला शेतातून हद्दपार करा असं मी म्हणत नाही. तसं केलंत तर तो दुसऱ्या वर्षी न सांगता जाईल. वाऱ्याची दिशा बघून त्याला वरच्या अंगाला उभं करा, पोती मोजायला, हिशेबाला, ट्रॅक्टरवर बसवा. यंत्राच्या तोंडाशी दुसरा माणूस द्या. नाका-तोंडावर नुसता गमछा पुरत नाही. औषधाच्या दुकानात मिळणारा एन-९५ मास्क घट्ट बसवून घ्यावा. घरी आल्यावर आधी अंघोळ, आणि ते कपडे झोपायच्या खोलीत आणायचे नाहीत. डॉक्टरांनी रोजचा पंप दिला असेल तर त्या महिन्यात एकही दिवस चुकता कामा नये.

मळणी संपली की तुराट्या चुलीत जातात. गॅस आला तरी अंघोळीचं पाणी अजून चुलीवरच तापतं. निदान ती चूल अंगणात न्या आणि पोराला तिच्याजवळ अभ्यासाला बसवू नका, थंडी कितीही असली तरी. वाडी, मळखेड, सेडमकडं सिमेंटचे कारखाने आहेत. शहाबादकडं आपल्या सगळ्यांच्या घरातली ती फरशी कापली-घासली जाते. तिथल्या मंडळींनी कामावरचे धुळीचे कपडे घरात झटकू नयेत. एवढं तरी आपल्या हातात आहे, बाकीच्यासाठी प्रदूषण मंडळाकडं अर्ज करावे लागतात आणि तो निराळ्या लेखाचा विषय आहे.

डासांच्या अगरबत्तीबद्दल मात्र ठासून सांगते. एक कॉइल पूर्ण जळली की तिच्यातून ७५ ते १३७ सिगारेटींइतके बारीक धूलिकण निघतात, असं २००३ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात मोजलं गेलं. दारं-खिडक्या लावून, उशाशी कॉइल ठेवून आपण पोराला झोपवतो आणि बिडी ओढणाऱ्या आजोबांना बाहेर घालवतो. मच्छरदाणी बांधा. अंथरुणाची गोधडी म्हणा, वाकळ म्हणा की कौदी, आठवड्यातून एकदा कडकडीत पाण्यात बुडवून धुवा. किडे मरायला पाणी ५५ अंशांच्या वर लागतं, नुसतं ऊन दाखवून भागत नाही. वाकळ धुवायला जड असते हे खरं. मग पोराला धुता येईल अशी सुती चादर आणि सोलापुरी चादर द्या, वाकळ पाहुण्यांना.

पंप

इनहेलरला आपल्याकडं सगळे पंप म्हणतात, मीही तेच म्हणते. पंपाची सवय लागते, हा शेवटचा उपाय आहे, मुलीनं घेतला तर लग्न जमत नाही, हे सगळं मी आमच्याच ओसरीवर ऐकलंय. सवय दम्याची असते, पंपाची नव्हे. चष्म्याची कुठं सवय लागते? डोळे तसे असतात म्हणून चष्मा लागतो.

पण पंप दोन जातींचे असतात आणि इथंच मोठी गफलत होते. एक तात्पुरता, आवळलेली नळी मोकळी करणारा. साल्ब्युटामॉलचा, बहुधा निळा. दुसरा सूज उतरवणारा, ब्युडेसोनाइडसारख्या औषधाचा. निळ्यानं दहा मिनिटांत बरं वाटतं, म्हणून पोरं तोच घेतात आणि दुसरा कपाटात पडून राहतो, कारण त्यानं लगेच काहीच ‘होत’ नाही. आत सूज वाढत राहते आणि वरून नळी उघडत राहतात. दम्यावर जगभरच्या डॉक्टरांना दिशा देणारी ‘जिना’ ही संस्था आहे. तिनं २०१९ पासून स्पष्ट सांगितलं आहे, की बारा वर्षांवरच्या कुणाही दमेकऱ्याला नुसत्या निळ्या पंपावर ठेवू नये. सूज उतरवणारं औषध सोबत हवंच. ब्युडेसोनाइड आणि फॉर्मोटेरॉल एकत्र असलेला एकच पंप काहींना रोजसाठी आणि धाप लागल्यावरही चालतो. मात्र दोन औषधांचा कोणताही पंप तसा चालत नाही, म्हणून डॉक्टरांना थेट विचारा: ‘धाप लागली तर यातला कोणता, किती?’ आणि रंगावर विसंबू नका, नाव वाचा. निळ्याचा २०० फवाऱ्यांचा पंप वर्षात तीनदा संपत असेल तर दमा आटोक्यात नाही. महिन्याला एक संपत असेल तर तो जिवावरचा धोका आहे, दुकानातून चौथा आणायच्या आधी डॉक्टरांकडं जा.

स्टिरॉइड हा शब्द ऐकून आया दचकतात. माझ्या वहिनीचा पहिला प्रश्न उंचीचा होता. तिला खोटं सांगण्यात अर्थ नव्हता. अमेरिकेत लहान वयात काही वर्षं रोज ब्युडेसोनाइडचा पंप घेतलेल्या मुलांना मोठेपणी मोजलं, तेव्हा उंची सरासरी १.२ सेंटिमीटरनं कमी भरली. अर्धा इंचही नाही. उलट गावातल्या दवाखान्यात दर धापेला जी बारीक पांढरी गोळी आणि ‘दमाचं इंजेक्शन’ मिळतं, त्यात स्टिरॉइडच असतं बऱ्याचदा. ते सगळ्या अंगभर जातं, पंपापेक्षा कितीतरी पट जास्त. मोठा झटका आला तर ते लागतं आणि तेव्हा घ्यावंच. दर महिन्याला घ्यायची ती वस्तू नाही.

आणखी एक गोळी आपल्याकडं सर्दीलाही सर्रास लिहून मिळते, मॉन्टेलुकास्ट. अमेरिकेच्या औषध प्रशासनानं २०२० साली तिच्यावर कडक इशारा छापायला लावला: काहींना वाईट स्वप्नं, चिडचिड, उदासी, जिवाचं बरंवाईट करण्याचे विचार येऊ शकतात. सगळ्यांना होत नाही. पण दहावीतलं पोर गप्प-गप्प राहायला लागलं तर आपण मोबाइलला दोष देतो. गोळी सुरू झाल्यानंतर तसा बदल दिसला तर डॉक्टरांना त्याच दिवशी सांगा.

पंप घ्यायचा कसा, हे पेशंटला एकदा तरी घेऊन दाखवायला लावा. पंप हलवायचा. श्वास पूर्ण सोडायचा. तोंडात धरून ओठ मिटायचे, सावकाश श्वास ओढायला सुरुवात करतानाच दाबायचं, ओढत राहायचं, मग दहापर्यंत मोजत श्वास धरायचा. दुसरा फवारा अर्ध्या-एक मिनिटानं. सूज उतरवणारा पंप असेल तर नंतर चूळ भरून थुंकायची. कॅप्सूलचं यंत्र निराळं. त्यात झटक्यात, जोरानं ओढावं लागतं, आणि त्यात फुंकायचं नाही. ती कॅप्सूल पाण्याबरोबर गिळणारी माणसंही असतात, हसू नका.

दाबणं आणि ओढणं जमत नसेल तर मधे स्पेसर लावतात. जमत असेल तरी लावावा, औषध घशाला चिकटण्याऐवजी छातीत उतरतं. विकतचा नसेल तर घरी करता येतो. दक्षिण आफ्रिकेत डॉक्टरांनी अर्ध्या लिटरच्या थंड पेयाच्या बाटलीचा स्पेसर करून दम्याचा झटका आलेल्या मुलांवर तपासला. १९९९ मध्ये त्यांनी लिहिलं, की बाटली विकतच्या स्पेसरइतकीच कामाला आली. आम्ही असा केला: बाटली धुऊन वाळवली, पंपाचं तोंड बुडावर ठेवून पेननं त्याची रेघ मारली, जाड तार त्याच आकारात वाकवून चुलीत तापवली आणि बुडाला टेकवली. प्लास्टिकचा वास जाईपर्यंत बाटली दिवसभर अंगणात. भोकात पंप घट्ट बसला पाहिजे, फट राहिली तर चिकटपट्टी. श्वास बाटलीच्या तोंडाकडून घ्यायचा. एकच खुबी लक्षात ठेवा: बाटली साबणाच्या पाण्यात बुडवायची आणि न पुसता तशीच वाळू द्यायची. फडक्यानं घासली की प्लास्टिकवर वीज धरते आणि औषध भिंतीलाच चिकटून बसतं. पहिल्यांदा वापरताना डॉक्टरांना दाखवून घ्या. पंपही महागच असतो असं नाही. जवळच्या जनऔषधी दुकानात विचारून पाहा.

वसतिगृहात

खरी परीक्षा घराबाहेर होते. नीटच्या तयारीला पोरं बीदरला, लातूरला जातात. एका खोलीत चौघं, जुनी गादी, कूलरच्या ओल्या जाळ्या, रात्री कॉइल, आणि गच्चीवर पहिली सिगारेट. घरी आई पंप हातात द्यायची, इथं कुणी देत नाही. म्हणून पाठवायच्या सहा महिने आधीपासून पंप पोराच्या ताब्यात द्या. चुकेल, विसरेल, घरीच चुकू द्या. दात घासायच्या ब्रशशेजारी पंप ठेवला की आठवण वेगळी द्यावी लागत नाही. सिगारेटबद्दल व्याख्यान देऊ नका, ते ऐकत नाहीत. पीक-फ्लो मीटर नावाची एक साधी नळी मिळते, तिच्यात फुंकलं की आकडा दिसतो. चांगल्या दिवसांतला आपला सगळ्यात मोठा आकडा लिहून ठेवायचा; त्याच्या ऐंशी टक्क्यांखाली आलं की सावध, निम्म्याखाली आलं की दवाखाना. धुरानंतरचा आकडा पोर स्वतःच पाहतं.

खेळ बंद करू नका. खेळायच्या आधी कोणता पंप घ्यायचा हे डॉक्टर सांगतात, सुरुवातीला दहा मिनिटं हळू पळून अंग तापवायचं, बास. व्यायामाच्या भीतीनं वजन वाढलं तर दमा उलट जड होतो.

खोलीतल्या एका तरी मित्राला आणि वॉर्डनना झटका ओळखता आला पाहिजे. एका दमात पूर्ण वाक्य बोलता येत नाही, बरगड्यांमधली कातडी आत ओढली जाते, ओठ निळसर दिसतात, पोर झोपाळू किंवा गोंधळलेलं होतं, किंवा आधी वाजणारी छाती एकदम गप्प होते पण धाप तशीच असते. हे शेवटचं लोकांना बरं झाल्याचं लक्षण वाटतं. ते सगळ्यात वाईट. यातलं काहीही दिसलं तर थांबायचं नाही, लगेच १०८ ला फोन. तोवर पेशंटला ताठ बसवा, आडवं करू नका, भोवतीची गर्दी हटवा. निळा पंप स्पेसरमधून, एका वेळी एक फवारा, प्रत्येकावर चार-सहा श्वास, असे चार फवारे. चार मिनिटांत फरक नाही तर पुन्हा चार, आणि गाडी येईपर्यंत तसंच चालू. डॉक्टरांनी वेगळा पंप ठरवून दिला असेल तर त्यांच्या कागदाप्रमाणं. पाणी पाजणं, छातीला बाम चोळणं, वाफ देणं यात वेळ घालवू नका.

भाचीचं पुढं काय झालं ते विचाराल. फुंकरीची तपासणी झाली, दम्याचंच निघालं, पंप सुरू झाला आणि तिसऱ्या आठवड्यात रात्रीची जाग बंद झाली. आई अजून म्हणते, चौथा मृग करायला हवा होता. जूनमध्ये पोरगी पीयूसीला बीदरच्या वसतिगृहात गेली. जायच्या आधल्या रात्री तिनं एक जाड कागद घेतला. एका बाजूला मराठीत आणि दुसऱ्या बाजूला कानडीत लिहिलं, कारण खोलीतली मैत्रीण कानडी आहे. वर ‘उब्बस’ असं मोठ्या अक्षरात, खाली १०८, घरचा नंबर, पंपाचं नाव. वॉचमनमामांना वाचता येत नसेल तर, म्हणून शेवटी पंपाचं चित्र काढलं आणि ते निळ्या पेननं गच्च रंगवलं. मग म्हणाली, ‘आत्या, चिकटपट्टी कुठंय?’